उडीवालं हँडल

कौसल्याचं म्हणणं एवढंच होतं, की हे काम अर्ध्या तासाचं आहे.

"चार स्विच, एक स्प्रिंग आणि एक दांडी," ती म्हणाली. "यात बिघडण्यासारखं आहेच काय? अर्ध्या तासात करून देते!"

चुलीकडून आईचा आवाज आला. "तुझ्या बापाशीन पण असाच सांगितल्यान होता. आठवड्यात मिटतला म्हणान."

आई संपाबद्दल बोलत होती. त्या संपाला आता तेरा वर्षं झाली होती.

कौसल्याचे बाबा, गुणाजी परब, लालबागच्या एका गिरणीत जॉबर होते. जॉबर म्हणजे साच्यांचा, म्हणजे मागांचा, डॉक्टर. माग बंद पडला की जॉबरने यायचं, कान लावायचा आणि ठोकायचं. संप झाला, गिरणी बंद पडली, फाटकाला गंज चढला. पण संप मागे घेतल्याचं कुणी जाहीर केलं नाही, असं गुणाजींचं ठाम मत होतं. त्यामुळे ते स्वतःला बेकार समजत नसत. कुणी विचारलं, "सध्या काय करता?" की ते सांगत, "संपावर आहे." जसं एखादा म्हणतो, जरा चहाला गेलोय! तेरा वर्षं ते खिडकीपाशी खाटेवर पडून होते. खाटेच्या सुंभाला त्यांच्या अंगाचा आकार आला होता. ते उठून बसले तरी खाटेवर अजून कुणीतरी झोपलंय असं वाटायचं. घर चाललं होतं ते आईच्या खानावळीच्या डब्यांवर.

आणि मग यंदाच्या गणपतीत भायखळ्याच्या शिवाने चाळीच्या जिन्याखालच्या गाळ्यात व्हिडिओ गेमचं मशीन आणून ठेवलं. लक्ष ठेवायला माणूस हवा होता. गुणाजी म्हणाले, "बघू."

दुसऱ्या दिवशी पहाटे कौसल्याला जाग आली तर खाट रिकामी! बाबा दाढी करत होते. पहिल्या पाळीची वेळ झाली होती. इस्त्रीचा शर्ट घालून ते आईसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "डबा?"

"डबो? खंय चललात?"

"कामावर."

काम एक जिना खाली होतं. तरी आईने डबा भरून दिला. दुपारी मधल्या सुट्टीत गुणाजींनी तो मशीनशेजारी स्टुलावर बसून खाल्ला. वर घरी गरम आमटी होती, पण पाळी चालू असताना घरी कोण जातं? त्या दिवसापासून खाटेचं सुंभ हळूहळू सपाट व्हायला लागलं. आणि डब्यात कधीमधी तळलेला बोंबील दिसायला लागला.

म्हणून हँडल मोडलं तेव्हा कौसल्या आधी खाटेचं सुंभ बघून आली.

मशीनमधला गेम मारामारीचा होता. पडद्यावर दोन गडी समोरासमोर. एक मशीनचा, एक आपला. उजव्या हाताला गुद्द्यांची आणि लाथांची बटणं, डाव्या हाताला हँडल. हँडल खालून कोपऱ्यात आणि कोपऱ्यातून पुढे असं फिरवलं आणि त्याच क्षणी गुद्दा दाबला, की आपल्या गड्याच्या हातातून आगीचा गोळा सुटायचा. कोपरा मिळाला नाही तर मात्र गोळाबिळा काही नाही. गडी नुसता खाली बसायचा आणि उठायचा, चप्पल हरवल्यासारखा!

या खेळातला राजा म्हणजे लहू. पहाटे भाऊच्या धक्क्यावर होड्यांचे दोरखंड ओढायचा, मासळीच्या पाट्या उचलायचा आणि दुपारी हातपाय धुऊन लालबागला यायचा. लहू खेळायला उभा राहिला की मागे जिन्यापर्यंत गर्दी. पण दोरखंड ओढून ओढून त्याच्या मनगटात एवढी ताकद आली होती की एका आगीच्या गोळ्यासरशी हँडलच त्याच्या हातात आलं. "आयला," म्हणाला, ते हँडल गुणाजींच्या मांडीवर ठेवलं आणि भायखळ्याच्या दुसऱ्या पार्लरमध्ये खेळायला निघून गेला. त्याच्यामागे गर्दीही गेली. गर्दीला काय, तिला पाय असतातच.

मग शिवा आला. त्याने जिन्यात कौसल्याला गाठलं.

"ताई, तुम्हाला सांगतो, काकांना कसं बोलू? दसऱ्याला संध्याकाळी येतो मी. टेंपो घेऊन. लहू इकडे खेळताना दिसला तर मशीन राहील. नायतर उचलणार. धंदा आहे ताई, राग नका मानू."

कौसल्या वर गेली आणि बाबांना म्हणाली, "शिवा दसऱ्याला येणार आहे."

"बरं," गुणाजी म्हणाले.

पुढचं वाक्य तिने गिळलं. टेंपो, उचलणं वगैरे. ही पहिली चूक. उगीच त्यांना घोर कशाला? हँडल तर अर्ध्या तासात होणार होतं! माटुंग्याच्या कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकत होती, दुसऱ्या वर्षाला होती, आणि प्रयोगशाळेत तिच्या हातून आजवर एकही काचेची नळी फुटली नव्हती.

तर पहिला अर्धा तास लॅमिंग्टन रोडलाच गेला.

"हँडल पाहिजे? कुठलं?" दुकानदाराने विचारलं.

"व्हिडिओ गेमचं."

"ते कळलं ताई. गोल डोक्याचं का लांब डोक्याचं?"

"फरक काय?"

"गोल डोकं बोटांनी फिरवायचं. लांब डोकं मुठीत धरायचं. दांडी फिरते ती खालची खिडकी चौकोनी देऊ का गोल? चौकोनी असली तर दांडी कोपऱ्यात जाऊन बसते. गोल असली तर सरसर फिरते पण कोपरा शोधावा लागतो. स्प्रिंग नरम का कडक? स्विच पत्तीचा का टिकटिकवाला?"

कौसल्याने चष्मा पुसला. पिशवीत एकेक नमुना घेऊन ती परत आली आणि खेळणाऱ्यांनाच विचारायचं ठरवलं. ही दुसरी चूक. एक म्हणाला नरम, एक म्हणाला कडक. एकाला हँडल दोन बोटांत चिमटीसारखं धरायचं होतं, दुसऱ्याला गाडीच्या गिअरसारखं, आणि तिसरा म्हणाला, "ताई, हँडल कसं पण चालेल, फक्त मी जिंकलो पाहिजे."

तेवढ्यात बाबांनी स्प्रिंग हातात घेतला.

"हा स्प्रिंग?"

"हो."

"बॉलपेनातला आहे काय?"

शेजारी धर्माकाका आणि जगनकाका बसले होते. धर्माकाका गिरणीच्या साळखात्यात साचे चालवायचे, जगनकाका त्याच साच्यांना तेल घालायचे. हल्ली दोघेही पहिल्या पाळीलाच गाळ्यात हजर व्हायचे. नेमणूक कुणी केली नव्हती, पण दांडी एक दिवस मारली नव्हती. स्प्रिंग हातोहात फिरला. धर्माकाकांनी तो दाबला, सोडला आणि खिन्नपणे मान हलवली, जशी स्थळाची पत्रिका परत करताना हलवतात.

गुणाजी वर गेले आणि खाटेखालची ट्रंक घेऊन आले. तिच्यात संपाच्या आदल्या दिवशी चुकून खिशात राहून गेलेल्या वस्तू होत्या. खिसे बरेच मोठे असावेत. एक अख्खा धोटा होता, सूत गुंडाळायच्या लाकडी बाबिनी होत्या, चामड्याच्या पट्ट्या होत्या आणि मनगटाएवढा एक स्प्रिंग होता.

"बाबा, हा फार—"

"साच्याचा आहे! तीन पाळ्या चालायचा! लहूचा बाप आला तरी तुटायचा नाही!"

हे मात्र खरं निघालं. तुटला नाही. हलला पण नाही! हँडल डावीकडे न्यायला धर्माकाकांनी दोन्ही हात लावले, मशीनच्या कडेला पाय टेकवला, "जय हनुमान" म्हटलं आणि ओढलं. पडद्यावरचा गडी एक पाऊल डावीकडे सरकला. तेवढ्यात धर्माकाकांचा हात सुटला. हँडल परत आलं ते असं आलं की काकांचा चष्मा उडून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, आईने भिजत ठेवलेल्या वालांत जाऊन पडला.

"मशीन आता दणकट झालं," गुणाजी समाधानाने म्हणाले.

"पण खेळणार कोण?"

"ज्याच्यात दम आहे तो!"

"तेल घाल," जगनकाका म्हणाले.

जगनकाकांचा सगळ्या दुखण्यांवर तेल हा एकच इलाज होता. दार करकरलं, तेल. शिलाई मशीन अडलं, तेल. एकदा शेजारच्या भजनी मंडळाची पेटी बेसूर झाली तेव्हा त्यांनी तिलाही तेल घातलं होतं. पेटी त्यानंतर बेसूर वाजली नाही. वाजलीच नाही. कौसल्याने त्यांची तेलाची बुधली उचलून वर तांदळाच्या डब्यात लपवली आणि दोन्ही हात जोडले.

"काका, स्विचला तेल चालत नाही. त्यातून वीज जाते."

"मग तर घालायलाच हवं. सुरळीत जाईल."

अशा तऱ्हेने अर्धा तास लांबत लांबत नवरात्र उजाडलं. कौसल्या कॉलेजातून यायची, दप्तर टाकायची, फळी उघडून मशीनखाली डोकं घालायची. वरून तीन म्हातारे बोलत राहायचे. शेवटी ती थकली. इतकी, की एका संध्याकाळी ती मशीनच्या पोटातच डोळे मिटून पडून राहिली आणि आतूनच म्हणाली, "तडजोड करू. आतलं माझं, बाहेरचं तुमचं."

वर स्टूल सरकलं. मग गुणाजींचा आवाज आला, "मागण्या लेखी दे."

पण तडजोड झाली. तेरा वर्षांत गुणाजींनी मान्य केलेली पहिलीच! आत लॅमिंग्टन रोडचा मधल्या ताकदीचा स्प्रिंग, टिकटिकवाले स्विच आणि चौकोनी खिडकी. बाहेर मूठ म्हणून ट्रंकेतली एक बाबीन. किती कामगारांच्या बोटांनी घासून ते लाकूड गुळगुळीत झालं होतं कोण जाणे. हातात घेतलं की हात आपोआप बसायचा. बाबांनी ती कापली, भोक पाडलं, बसवली. कोपरे नीट सापडावेत म्हणून कौसल्याने खिडकी कानशीने थोडी मोठी केली, आणि दांडी आता जास्त लांब झुकते म्हणून वरच्या फळीतलं भोकही मोठं केलं. त्या भोकावर झाकण म्हणून दांडीत एक चकती असते. जुनी चकती आता अपुरी पडत होती, म्हणून काढून ठेवली.

"चकती दसऱ्यानंतर बघू," कौसल्या म्हणाली. "त्या भोकात कोण काय टाकणार आहे?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी निरोप धाडून लहूला बोलावलं. त्याने बाबीन मुठीत धरली आणि एकदा फिरवली. आगीचा गोळा! पुन्हा फिरवली. गोळा! त्याच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, जसं पापलेट ताजं निघाल्यावर पसरतं.

"आयला ताई! लोणी आहे लोणी! उद्या संध्याकाळी येतो. सगळ्या पोरांना घेऊन येतो!"

त्या रात्री कौसल्या आठवडाभरात पहिल्यांदा नीट झोपली. ही तिसरी चूक.

सकाळी जाग आली ती घंटेच्या आवाजाने. जिन्यातून आरती ऐकू येत होती. ती तशीच खाली धावली. गाळ्यात मशीन दिसेना. नीट पाहिलं तेव्हा कळलं की झेंडूच्या आत आहे. कपाळाला, म्हणजे पडद्याच्या वर, हळदकुंकू. पायाशी नारळ. आणि समोर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बाबा, धर्माकाका, जगनकाका आणि त्यांच्यामागे रांग. शेजारच्या चाळीतले, मागच्या गल्लीतले, परळपासून आलेले म्हातारे. प्रत्येकाच्या हातात नारळ आणि आपट्याची पानं.

गिरणीत दसऱ्याला साच्यांची पूजा व्हायची. सगळं खातं धुऊन काढायचं, प्रत्येक साच्याला हार, मालक स्वतः यायचा, पेढे वाटायचे. तेरा दसरे या माणसांना हार घालायला यंत्र नव्हतं. घरातल्या विळ्याला आणि पाट्याला किती घालणार? आणि आता चाळीत एक मशीन आहे, चालू मशीन, अशी बातमी लागली होती. एक वाकलेले गृहस्थ पुढे आले, त्यांनी मशीनच्या कुशीला हात लावला, आत पंखा घरघरत होता तो ऐकला आणि जरा जास्तच वेळ तिथे उभे राहिले. मागच्या कुणीही त्यांना "चला पुढे" म्हटलं नाही.

कौसल्याला बाबांवर ओरडायचं होतं. ते राहून गेलं.

"पाणीबिणी नाही ना घातलंत?" तिने हळूच विचारलं.

गुणाजी दुखावले. "यंत्र आहे ते, महादेवाची पिंडी नव्हे! हँडलला रुमाल गुंडाळलाय बघ. जगनला तेलसुद्धा घालू दिलं नाही."

"बरं. मग संध्याकाळी फुलं काढते."

"संध्याकाळी? उद्या सकाळी! पूजा झाली की त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही. आज त्याची सुट्टी."

"बाबा! आज शिवा येणार आहे!"

"म्हणून तर! पूजेला मालक नको?" त्यांनी कोनाड्याकडे बोट दाखवलं. तिथे पेढ्यांचा पुडा आणि नवं कोरं उपरणं होतं. "शेठचा मान ठेवायला नको?"

कौसल्या पायरीवर बसली. दसऱ्याला मालक येतो तो पूजेला येतो, दुसरं कशाला येणार? गिळलेलं वाक्य आता सांगायचं म्हणजे या सगळ्या पांढऱ्या कपड्यांसमोर सांगायचं. तिने ते दुसऱ्यांदा गिळलं.

संध्याकाळी टेंपो आला. त्यातून दोन हमाल उतरले आणि मागून शिवा, डोक्यावर गॉगल चढवलेला. तो तोंड उघडणार तोच गुणाजींनी त्याच्या कपाळाला टिळा लावला. खांद्यावर उपरणं आलं. तोंडात पेढा आला. दोन्ही बाजूंना म्हातारे हात जोडून उभे राहिले. "शेठ आले! शेठ आले!"

शिवाला जन्मात कुणी शेठ म्हटलं नव्हतं. भायखळ्याच्या बाजारात त्याची आई कोथिंबीर विकायची आणि ती त्याला मुडद्या म्हणायची. तो क्षणभर विरघळला. मग पेढा गिळून भानावर आला.

"काका, ते सगळं बरोबर आहे, पण लहू कुठाय? मशीन बंद दिसतंय. ताई, आपलं काय ठरलं होतं? उचला रे!"

हमाल पुढे झाले. मशीनजवळ गेले. चपला काढल्या. हात जोडले. आणि तसेच उभे राहिले.

"उचला ना!"

"शेठ, हळदकुंकू लागलंय. आज नाय हलवणार."

"अरे, गेम आहे तो! आत मारामारी चालते नुसती!"

"महिषासुराशी काय चहापाणी झालं होतं का?" हमालाने शांतपणे विचारलं. दुसऱ्याने पेढा घेतला.

तेवढ्यात गलका झाला आणि लहू आला. मागे निम्मं लालबाग. हात चोळत तो थेट मशीनपाशी गेला आणि रुमालाला हात घालणार तोच धर्माकाका आडवे आले.

"आज नाय. आज त्याला विश्रांती."

"विश्रांती?" लहू म्हणाला. "काका, आम्ही नारळी पुनवेला होडीची पूजा करतो, ती काय किनाऱ्यावर ठेवायला? पूजा झाली की होडी पाण्यात! पूजा म्हणजे सुरुवात!"

"तुझी होडी पावसाभर पालथी पडलेली असते रे! तिला सुरुवातच पाहिजे. साचा तीन पाळ्या चालतो. त्याला एक दिवस सुट्टी नको?"

"मग याला कशाला? हे तर पंधरा दिवस मोडकंच होतं!"

"मोडकं म्हणजे सुट्टी नव्हे! मोडकं म्हणजे आजारपणाची रजा!" जगनकाका गरजले.

झालं! समुद्र एका बाजूला, गिरणी दुसऱ्या बाजूला. जिन्यातले लोक पक्ष घेऊ लागले. कुणाच्या मामाचा छापखाना होता, त्याने तिसराच नियम सांगितला. शिवा एकदा घड्याळाकडे, एकदा टेंपोकडे पाहत होता. गुणाजी मात्र स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसले होते. कौसल्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला वरची खाट दिसली.

"उत्तरपूजा करू!" ती ओरडली.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"गणपतीची करतो ना? अक्षता वाहिल्या की देव मोकळा. मग मशीनही मोकळं. सुट्टी आता संपली, रात्रपाळी सुरू!"

धर्माकाकांनी जगनकाकांकडे पाहिलं. लहूने खांदे उडवले. गुणाजी स्टुलावरून उठले आणि म्हणाले, "कर."

"शिकलेली आहे पोरगी," धर्माकाका म्हणाले.

आईने वरून अक्षतांची वाटी आणली. कौसल्याच्या मनात चिमूटभर होतं. पण एवढी माणसं जमलेली, अक्षतांच्या बाबतीत मागे कोण राहतं? वाटी फिरली. मग ताट फिरलं. लहूने रुमाल सोडला आणि चारी बाजूंनी तांदूळ आले, लग्नात अंतरपाट खाली पडल्यावर यावेत तसे! पाठीमागच्यांनी नेम धरून फेकले. शिवाच्या गॉगलमध्ये साचले.

त्या गदारोळात कौसल्याला एक बारीक आवाज ऐकू आला. टिक.

तो आवाज तिने झोपेतही ओळखला असता. तिची नजर हँडलच्या बुडाशी गेली. तिथे एक मोठं भोक होतं, आणि चकती नव्हती.

लहूने टोकन टाकलं. गडी पडद्यावर आला आणि त्याने उडी मारली.

"उडी कशाला मारतोस रे?" कुणीतरी विचारलं.

"मी कुठं मारतोय?"

गडी खाली आला. पुन्हा उडी. लहूने बाबीन खाली ओढली, डावीकडे रेटली, शेवटी दोन्ही हात वर करून दाखवले. गडी उडतच राहिला, तापल्या वाळूवर अनवाणी उभा केल्यासारखा. कोपरा नाही, आग नाही, गोळा नाही. शिवाने उपरणं खांद्यावरून काढून घडी घालायला घेतली.

लहू भडकला आणि लाथेच्या बटणावर एक बुक्की मारली. वरून खाली येणाऱ्या गड्याचा पाय बरोबर समोरच्याच्या टाळक्यात! समोरचा आडवा. उठला. तोवर गडी पुन्हा हवेत. पुन्हा पाय. पुन्हा आडवा.

लहू थांबला. विचार करताना तो दिसायचा कसा हे लालबागने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग त्याने हँडल सोडून दिलं, डावा हात कमरेवर ठेवला आणि एकाच बोटाने खेळायला लागला.

पहिला गेला. दुसरा गेला. मशीनच्या गड्यांना हा प्रकार कळेचना. ते आगीचे गोळे फेकायचे, गोळे खालून निघून जायचे, आणि वरून पाय यायचा. मागून "उडी! उडी!" सुरू झालं, दहीहंडीसारखं. माणसं कठड्यावर चढली, रस्त्यावरची आत घुसली, टेंपोच्या टपावर तीन जण उभे राहिले. ज्याचं तोंड लालबागमध्ये आजवर कुणी पाहिलं नव्हतं तो शेवटचा राक्षस आला आणि तोही टाळक्यात पाय खाऊन आडवा झाला! दसऱ्याच्या दिवशी! पांढरे कपडे आणि मासळीवाले एकमेकांच्या गळ्यात पडले.

"बाबीन आहे ती," धर्माकाका अनोळखी माणसाला सांगत होते. "गिरणीचं लाकूड."

शिवा गर्दीतून वाट काढत आला. "काका! हे उडीवालं हँडल कुठून आणलंत? भायखळ्यात नाही, ग्रँट रोडला नाही!"

"माझ्या मुलीनं केलंय," गुणाजी म्हणाले.

कौसल्याने खरं सांगायला तोंड उघडलं. मग तिला बाबांचा चेहरा दिसला. तोंड मिटलं.

"माझ्या बाकीच्या मशिनींना पण असंच बसवून द्या! मशीन राहिलं इथंच, ठरलं!" शिवा म्हणाला आणि उपरणं पुन्हा खांद्यावर टाकलं. टेंपो रिकामा गेला. मागे हौद्यात हमाल पेढे खात बसले होते.

सकाळी कौसल्याने फळी उघडली. वरच्या, म्हणजे उडीच्या, स्विचच्या पात्यात एक दाणा अडकून बसला होता, कुंकवाने लाल झालेला. तिने तो चिमट्याने काढला आणि तळहातावर ठेवला. शेजारी स्टुलावर बाबा, दाढी केलेले, इस्त्रीचा शर्ट.

"बाबा," ती म्हणाली, "एक सांगायचं राहिलं होतं. शिवा काल मशीन न्यायला आला होता."

"माहीत आहे."

"काय?"

"मालक टेंपो घेऊन येतो तो काय पेढे न्यायला?" गुणाजी मशीनवरचा झेंडू नीट करत म्हणाले. "तेरा वर्षं संपावर आहे मी. आमच्या गिरणीतली मशीनं गेली तेव्हा आम्ही पुढच्या फाटकाशी घोषणा देत होतो. मागच्या दाराला कुणी नव्हतं. या वेळी मशीनलाच हार घातला. म्हटलं, आता उचलून दाखव!"

कौसल्या त्यांच्याकडे बघतच राहिली. म्हणजे ती रांग, ती सुट्टी, ते उपरणं—

"खोटा सांगतत," जिन्यातून आवाज आला. आई डबा घेऊन उतरत होती. "काल टेंपो बघून माकाच इचारीत होते. शेठन एवढे काय पेढे आणल्यान, की टेंपो लागलो?"

गुणाजींना अचानक मशीनच्या मागच्या बाजूला काहीतरी काम निघालं. खरं कुठलं, ते कौसल्याला कधीच कळलं नाही. भौतिकशास्त्रात यासाठी प्रयोग नव्हता.

"शिवाला काय सांगू?" तिने दाणा पुढे केला. "त्याला सगळीकडे उडीवालं हँडल हवंय."

आईने डबा ठेवला. दाणा उचलून उजेडात धरला, नखाने दाबून पाहिला.

"कोलम हा. रेशनचो जाड पडतलो, आत जायचो नाय. उकडो तर फुगता." ती वर गेली आणि सूप आणि तांदळाचा डबा घेऊन आली. डब्यात तळाशी तेलाची बुधली सापडली. जगनकाकांचे डोळे चमकले.

मग कौसल्या पायरीवर बसून तांदूळ निवडू लागली. फार लांब नको, फार आखूड नको, तुकडा तर नकोच. धर्माकाका एकेक दाणा भिंगाखाली पाहून नापसंत करत होते.

"अर्ध्या तासाचं काम आहे!" मशीनमागून गुणाजी म्हणाले.

आई वर गेली आणि दुपारच्या डब्यात दोन चपात्या वाढवल्या.